बरडी, सिहार, कन्हार : मातीची ओळख आणि आपले दावे

(नागरा इथं ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मातीवर जी मांडणी झाली तिचा हा मजकूर. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलं आहे. मधे आलेले प्रश्न सर्वांच्या कामाचे होते म्हणून तेही आत घेतले आहेत. गावात बसून वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण कागदात होतो. दावा, नकाशा, ठराव, पोच. आज कागद थोडा बाजूला ठेवू आणि माती पुढ्यात घेऊ. निरोप दिला होता त्याप्रमाणं बहुतेकांनी आपापल्या बांधीतली मूठ-मूठ माती आणली आहे. ती या वर्तमानपत्रांवर ओळीनं ओतली आहे. बघा, एकाच जिल्ह्यातली माती आहे, पण एक मूठ दुसरीसारखी नाही. सालेकसा-दरेकसाच्या बाजूची लालबुंद, त्यात बोराएवढे खडे. देवरीकडची पिवळी, भुसभुशीत. अर्जुनी-मोरगावच्या सखल बांधीतली राखेच्या रंगाची, ओली केली की बोटाला सोडत नाही. आणि ही इथली, नागऱ्याच्या शिवारातली, पिवळीच, पण दाबली तर लाडवासारखी बांधली जाते.

बसल्या बसल्या आयाबहिणींनी नावं सांगून टाकली. ही बरडी, ही खरडी, ही सिहार, ही मोरांड, ती कन्हार. छत्तीसगढच्या सीमेवरच्या गावांनी तीच नावं वेगळी सांगितली : भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. कुणालाही विचार करावा लागला नाही. जी गोष्ट आपण न विचारता सांगतो ती आपण कुठं लिहूनही ठेवत नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

अडचण कोणती ते सांगतो. एका गावातले काही दावे परत आले. आम्ही ते कागद पाहिले. शेरा होता : ‘जमीन खडकाळ, मुरमाड, शेतीस अयोग्य, सबब कब्जा ग्राह्य नाही.’ गाव कुठलं, कचेरी कुठली ते इथं महत्त्वाचं नाही. तो शेरा मात्र महत्त्वाचा आहे. कारण त्यात मातीबद्दल एक वाक्य लिहून माणसाचा हक्क काढून घेतला आहे. वाचून पहिल्यांदा मनात येतं की साहेबानं माती पाहिली, मोजली, मग लिहिलं असेल. तसं काही नव्हतं. रस्त्यावरून पाहिलं आणि लिहिलं.

यात दोन गोष्टी वेगवेगळ्या धरा. पहिली कायद्याची. वनहक्क कायदा, म्हणजे २००६ चा कायदा, जमीन किती सुपीक आहे असं कुठंच विचारत नाही. तो विचारतो की राहण्यासाठी किंवा स्वतः कसण्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कब्जा होता का आणि आजही आहे का. हद्द चार हेक्टरची, तीही प्रत्यक्ष कब्जात असेल तेवढीच. माती बरडी आहे म्हणून दावा नामंजूर, हे कारण कायद्यात नाही. दुसरी गोष्ट मातीची. बरडी म्हणजे शेतीला अयोग्य, हेच मुळात खोटं आहे. बरडीवर भारी धान होत नाही, एवढंच खरं. कोदो होतो, कुटकी होते, कुळीथ होतो, तीळ होतो. आपल्या आज्यांनी त्यावरच पोरं वाढवली. हे कागदावर सांगता आलं पाहिजे म्हणून ही मांडणी.

माती कशी झाली, तिथून सुरू करू. वऱ्हाडात, नागपूरच्या पश्चिमेला, काळी कपाशीची जमीन आहे. ती काळ्या दगडातून झाली, ज्वालामुखीच्या थरांतून. तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आपल्याकडं तो दगड नाही. आपल्या खाली आहे तो फार जुना, पट्ट्यापट्ट्यांचा, चमकणारे कण असलेला दगड. भूगर्भवाल्यांच्या पुस्तकात त्याचं नाव काय आहे? आमगाव नीस. आपलं आमगाव! दोनशे कोटी वर्षांहून जुना. आमगावच्या बाजारात तेंदूपत्त्याच्या भावावरून भांडणाऱ्या आपल्या लोकांना कुणी हे सांगितलं नसेल, पण या दगडाला जगभर आपल्या गावाच्या नावानं ओळखतात.

या दगडात वाळूचे कण भरपूर, चुनखडी कमी. म्हणून तो कुजला, झिजला की वाळूमिश्रित माती होते. आणि त्यातलं लोखंड गंजतं. खिळा गंजल्यावर जसा रंग येतो तोच हा लाल रंग. उंचावर पाणी ठरत नाही, माती लवकर सुकते, तिथं लोखंड लाल राहतं. थोडं खाली जिथं ओल जास्त दिवस टिकते तिथं तेच लोखंड पिवळं दिसतं. अगदी खाली, नाल्याच्या काठाला किंवा बोडीच्या पोटात, जिथं महिनोन्‌महिने पाणी उभं असतं, तिथं लोखंडाचा रंगच धुऊन जातो आणि माती राखी होते. म्हणजे मातीचा रंग बघून पाणी किती दिवस थांबतं ते कळतं. तुम्ही हे डोळ्यानं करताच. शास्त्रज्ञ तेच करतो, फक्त त्याच्याकडं रंगांच्या चिठ्ठ्यांचं एक पुस्तक असतं, मनसेलचं. ओल्या मातीचं ढेकूळ त्या चिठ्ठ्यांशी लावून तो नंबर लिहितो.

आता उतार. हे आजच्या मांडणीचं खरं काळीज आहे म्हणून इथं जरा थांबू.

आपल्या कुठल्याही गावात टेकडीपासून नाल्यापर्यंत सरळ चालत या. वर खडक आणि सालईची झाडं. थोडं खाली लाल खड्यांची बरडी, वीतभर खोल, त्याखाली मुरूम. आणखी खाली खरडी, मग पिवळी सिहार, तिथं बांध्या सुरू होतात. बांध्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. सर्वांत खाली, सखल भागात, मोरांड आणि कन्हार, काळसर, चिकण, कमरेएवढी खोल. एका हाकेच्या अंतरात चार माती. दगड तोच, पाऊस तोच, फरक फक्त उताराचा. पावसानं वरची बारीक माती हजारो वर्षं धुऊन खाली नेली. वर खडे राहिले, खाली गाळ साचला.

रायपूरच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी छत्तीसगढमध्ये अशाच उतारावर शेतकऱ्यांची नावं आणि शास्त्राची नावं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. भाठा म्हणजे एंटिसॉल, जिच्यात अजून थर पडले नाहीत अशी कोवळी माती. मटासी म्हणजे इन्सेप्टिसॉल, थर पडायला लागलेली. डोरसा म्हणजे अल्फिसॉल, जिच्यातली चिकण वरून झिरपून खालच्या थरात साठली आहे ती. कन्हार म्हणजे व्हर्टिसॉल, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते ती. जगातल्या सगळ्या मातीचे त्या पद्धतीत बारा मोठे गट केले आहेत. त्यातले चार गट आपल्या उतारावर, आणि चारही गटांना तिथल्या शेतकऱ्याकडं आधीपासून नाव होतं. कुणाच्याही पुस्तकाआधी.

एका दादानं इथं विचारलं की मग शास्त्रज्ञ जास्त काय सांगतो? रास्त प्रश्न आहे. तो तीन गोष्टी एकत्र बांधतो : खड्ड्यातली माती, वरचं हवामान आणि भोवतालची जमिनीची ठेवण. आपण या तिन्ही गोष्टी जाणतो, पण वेगवेगळ्या वेळी बोलतो. मातीचं बोलणं बांधीवर, पावसाचं बोलणं ओट्यावर, उताराचं बोलणं बोडी फुटली की. तो हे सगळं एका पानावर आणतो.

हवामानाचं बघा. आपल्याकडं वर्षाला सरासरी तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अमरावती-अकोल्याच्या मानानं भरपूर. पण त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बाकी आठ महिने माती वरून सुकत जाते. शास्त्रात अशा ओलाव्याच्या चालीला ‘उस्टिक’ म्हणतात : वर्षात काही महिने कोरडी, पण निदान नव्वद दिवस तरी ओली. आणि मातीची वर्षाची सरासरी उष्णता बावीस अंशांच्या वर राहते म्हणून ‘हायपरथर्मिक’. ही नावं पाठ करायची गरज नाही. पण कागदावर दिसली तर घाबरू नका. ‘चार महिने ओली, मग सुकी, बाराही महिने उबदार’, एवढाच अर्थ आहे.

आता पाऊस आणि माती यांचं गणित. श्रावणात पाऊस दडी मारतो, तेव्हा बरडीवाला पहिल्यांदा ओरडतो आणि कन्हारवाला गप्प असतो. का? ढोबळ हिशेब असा. वीतभर खोल खडेयुक्त मातीत पिकाच्या कामाला येईल असं पाणी साधारण वीस मिलीमीटर मावतं. पीक रोज पाचेक मिलीमीटर पितं. चार दिवस, संपलं. मीटरभर खोल चिकण मातीत दोनशे मिलीमीटरच्या घरात पाणी मावतं. त्यातलं अर्धंच मुळांना सहज मिळतं असं धरलं तरी वीस दिवस निघतात. एकाच ढगाखाली एकाकडं चार दिवसांची शिदोरी, दुसऱ्याकडं वीस. म्हणून वरच्या बांधीत हलकं धान, साडेतीन-चार महिन्यांत हाती येणारं, आणि खालच्या गहिऱ्या बांधीत भारी धान. म्हणून तूर धुऱ्यावर, बांधीत नाही. म्हणून धान कापायच्या आधी ओल असतानाच लाखोळी फेकायची ती सखल बांधीत. ही कुणाची अंधश्रद्धा नाही. माती, पाऊस आणि उतार यांचा हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पोटावर पट्टा बांधून मांडला आहे.

आणि हाच हिशेब पुढं नेला तर बोडी येते, तलाव येतात. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, हे उतार नीट वाचता आल्याशिवाय बांधताच आले नसते. कोहळी समाजाचं त्यात मोठं नाव आहे. पाळ कुठं घालायची, पाळीला कुठली माती, सांडवा कुठल्या कडेनं. बांधणाऱ्यांकडं भिंगाची दुर्बीण नव्हती. तलाव अजून उभे आहेत. गाळानं भरले ते नंतरच्या काळात, सांभाळणारं कुणी उरलं नाही म्हणून.

मातीची सरकारी मोजणी आपल्याकडं नवी नाही. इंग्रजांच्या काळात मध्यप्रांतात बंदोबस्त झाला तेव्हा प्रत्येक शेताची माती बघितली गेली. फुलर नावाच्या अधिकाऱ्यानं त्यासाठी पद्धत बसवली. मातीच्या जातीला आणि शेताच्या जागेला, म्हणजे सखल आहे की उंच आहे त्याला, गुण द्यायचे. कन्हारला जास्त, बरडीला कमी. गुणांची बेरीज करून लगान ठरवायचं. नावं कुणाची वापरली? आपलीच. कन्हार, मोरांड, सिहार, बरडी हे शब्द भंडाऱ्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये इंग्रजी अक्षरांत बसलेले आहेत. आपल्याला विचारून विचारूनच त्यांनी ते लिहिले असणार. पण विचारण्यामागचा हेतू होता वसुली. माती मोजणारा कशासाठी मोजतो, हे आधी विचारायचं ते यामुळं.

आणि ज्या मातीवर लगान बसत नव्हतं तिचं काय झालं? ती ‘जंगल’ म्हणून लिहिली गेली. मोठ्या झाडांचं जंगल, छोट्या झाडांचं जंगल, झुडपी जंगल. झुडपी जंगल हा शब्द आपल्या पूर्व विदर्भाच्या बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या नावाखाली आहे. मुळात ती गावाच्या निस्ताराची जमीन : गुरं चारायला, काडी-सरपण आणायला, खळं घालायला. मुरमाड, हलकी, झुडपांची. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, जमीन सरकारकडं आली, शब्द तसाच राहिला. मग १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी दप्तरात जिथं जंगल लिहिलं आहे ती सारी जमीन वनसंवर्धन कायद्याखाली येते. झालं. मातीकडं बघून शंभर वर्षांपूर्वी कुणा पटवाऱ्यानं टाकलेला शब्द आज आपल्या खळ्यावर, गोठाणावर, घरावर येऊन बसला. म्हणून आम्ही म्हणतो की मातीचं नाव हा नुसता शेतीचा विषय नाही.

आजची मोजणी कोण करतं? नागपूरला अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. १९७६ साली स्थापन झाला. देशभराच्या मातीचा नकाशा तिथून निघतो, आणि तो आपल्या इतक्या जवळ आहे हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांनी पाऊस, उष्णता, माती आणि भूभाग एकत्र बघून देशाचे आधी वीस आणि नंतर साठ कृषी-पर्यावरण विभाग पाडले. त्यात वैनगंगेचं खोरं सातपुड्याबरोबर धरलं आहे. राज्य सरकारनं वेगळे नऊ विभाग केले, त्यात आपण शेवटच्या, पूर्व विदर्भाच्या जास्त पावसाच्या विभागात. काम मेहनतीचं आहे, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. त्यांचं एक बरंही वाटतं : जी माती जिथं पहिल्यांदा नीट ओळखली त्या गावाचं नाव त्या मातीच्या मालिकेला देतात.

पण नकाशाचं प्रमाण बघा. राज्याराज्यांचे मातीचे नकाशे त्यांनी केले ते एकास अडीच लाख या प्रमाणावर. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. कागदावरचा एक चौरस सेंटीमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा, ६२५ हेक्टर. त्यात आपली दीड एकराची बांधी कुठं? सुईच्या टोकाएवढी. त्या नखाएवढ्या जागेत वरची बरडी, मधली सिहार, खालची कन्हार, तुमचं गाव, शेजारचं गाव, दोन बोड्या आणि देवराई सगळं मावून जातं, आणि नकाशावर एकच रंग असतो. तो नकाशा खोटा नाही. तो राज्याचं नियोजन करायला बनवला आहे, एका दाव्याचा निवाडा करायला नाही. कुणी तसा नकाशा पुढं करून म्हणालं की ‘इथं उथळ खडकाळ माती दाखवली आहे, शेती असूच शकत नाही’, तर एकच विचारायचं : प्रमाण किती? एकास दहा हजारचा नकाशा असेल, तर दीड एकर त्यावर अर्ध्या नखाहून थोडी जास्त दिसते. तिथून बोलणं सुरू करता येतं.

उपग्रहाच्या चित्राचंही तेच. २०१२ साली वनहक्काचे नियम सुधारले. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रहाची चित्रं आणि तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. कोदो-कुटकीचं बरडीवरचं शेत उन्हाळ्यात वरून कसं दिसतं? शेजारच्या झुडपी जमिनीसारखंच. तांबूस, मोकळं. चित्र कुठल्या महिन्यातलं आहे हे विचारल्याशिवाय मान हलवू नका.

आता खड्डा. माती वाचायची तर वरवर उकरून भागत नाही. तज्ज्ञ मीटर-दीड मीटरचा, जमलं तर दोन मीटरचा खड्डा घेतात आणि त्याची एक भिंत उन्हाकडं तोंड करून सरळ तासतात. पुस्तकाची पानं कडेनं दिसावीत तसे थर दिसतात. टेप लावायची, वरून खाली थर लिहायचे : कुठं रंग बदलतो, कुठं खडे वाढतात, मुळं कुठवर गेली, हाताला वाळू किती, चिकण किती. पोत बघायला यंत्र नको. ओली माती मळून अंगठ्यानं पट्टी ओढा. पट्टीच होत नाही ती रेताड. बोटाच्या पेरानंतर तुटते ती मधली. दोन पेरं लांब येते ती चिकण. चुलीला आणि भिंतीला माती निवडताना बाया हेच करतात, म्हणून या कामात समितीतल्या बायांना पुढं ठेवा. शंका असेल तर काचेच्या बरणीत माती-पाणी हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, मधली पोयट दोन-चार तासांत, चिकण दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. थर पट्टीनं मोजा, झालं.

धानाच्या बांधीत मात्र एक खास गोष्ट दिसते आणि ती आपल्या कामाची आहे. वर्षानुवर्षं चिखलणी करून, बैलांच्या पायांनी आणि नांगराच्या तळानं दाबून, वीतभर खाली एक घट्ट पापुद्रा तयार होतो. कुदळ तिथं ठक्क वाजते. त्या पापुद्र्यामुळंच पाणी बांधीत उभं राहतं. त्याच्या आसपास, जुन्या मुळांच्या वाटांच्या कडेनं, गंजाच्या रंगाच्या बारीक रेघा आणि ठिपके दिसतात. पावसाळ्यात पाणी उभं, उन्हाळ्यात कोरडं, हे पुन्हा पुन्हा झाल्याची ती खूण. आता त्याच उतारावर बांधाबाहेर, शेजारच्या न कसलेल्या जमिनीत खड्डा घ्या. तिथं तो पापुद्रा नसतो. धुऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूची पातळी मोजा. एका बाजूला गाळ चढलेला, दुसऱ्या बाजूला उतरलेला. ही जमीन निसर्गानं अशी सपाट केली नाही, माणसानं केली. मुरमाच्या उतारावर गाळ धरून धरून शेत तयार केलं. बाहेरच्याला जी ‘अयोग्य’ वाटते तिची बांधी करायला एका घराच्या दोन पिढ्या खपलेल्या असतात.

एका बाईनं विचारलं, यावरून साल सांगता येतं का? नाही. पापुद्रा २००५ च्या आधीचा की नंतरचा हे कुदळ सांगणार नाही. तसा दावा केला तर समोरचा एका प्रश्नात आपल्याला खोटं पाडेल आणि बाकीचे चांगले पुरावेही त्याबरोबर वाहून जातील. माती सांगते की इथं धान पुष्कळ वर्षं झालं आणि जमीन माणसानं घडवली. किती वर्षं, ते म्हाताऱ्यांचा जबाब सांगेल, जुनी दंडाची पावती सांगेल, वंशावळ सांगेल. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात घर, झोपडी आणि जमिनीवर केलेल्या कायम सुधारणा, म्हणजे सपाटीकरण, बांध, बंधारे, हेही पुरावे म्हणून धरले आहेत. आणि एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे आहेत. मातीचा पुरावा तिथं बसतो, जबाबाच्या शेजारी. वडीलधाऱ्यांनी जबाबात ‘आम्ही वाहतो’ एवढंच न सांगता सांगावं की हा धुरा कुणी घातला, कुठल्या दुष्काळाच्या आगेमागे घातला, माती कुठून वाहून आणली, आधी इथं काय पेरायचो आणि धान कधीपासून लावतो. मग खड्डा आणि जबाब एकमेकांची साक्ष देतात.

ज्यांचे दावे शेरा मारून परत आले त्यांनी हे लक्षात ठेवा : नामंजुरीची कारणं लेखी आणि सविस्तर द्यावी लागतात. उपविभागीय समितीच्या निर्णयावर साठ दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येतं. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जातून काढता येत नाही.

माती परीक्षणाच्या पत्रिकेबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे. त्यात बारा गोष्टी तपासतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म द्रव्यं. कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक नमुना, ओलिताखाली अडीच हेक्टरला एक. आता आपल्या उतारावर दहा हेक्टर म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. बरडीपासून कन्हारपर्यंत सगळं आलं त्यात. पत्रिका कामाची आहे, खत किती टाकायचं ते कळतं, पण शेजाऱ्याच्या कन्हारीचं पान बघून आपल्या बरडीत युरिया ओतू नका. बरडीत तो पहिल्या जोरदार पावसात खाली निघून जातो. स्वतःचा नमुना द्यायचा तर बांधीत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा, वीतभर खोल, कडेची माती घ्यायची, सगळी मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. धुऱ्याजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही.

गायरानाचं आणि वरच्या बरडीचं थोडं बोलायचं राहिलं. तिथं आता खोदकामं येतात, चर मारतात, रोपं लावतात, ‘अवनत जमीन’ असा बोर्ड लागतो. आमचं झाडाशी भांडण नाही. पण वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या जागी गवत, चारोळी, सालई आणि मोकळी जागा हीच त्या मातीची चांगली अवस्था आहे. तिला अवनत म्हणणाऱ्यानं आधी खड्डा घेऊन दाखवावा. सामूहिक हक्क मिळालेल्या किंवा मागितलेल्या प्रत्येक ग्रामसभेनं असा बोर्ड लागायच्या आधी आपल्या उताराची नोंद करून ठरावाला जोडावी. वरपासून खालपर्यंत एक रेघ, रेघेवर चार खड्डे, प्रत्येकाचं आपलं नाव, खोली, रंग, काय उगवतं, पाणी किती दिवस थांबतं. एका मोठ्या कागदावर मावतं. नावं आपली लिहा. कंसात शास्त्राचं नाव लिहायची गरज नाही. ज्याला हवं तो लावून घेईल.

वेळेचं सांगून थांबतो. ज्या बांधीत लाखोळी नाही तिथं धान निघाल्याबरोबर खड्डा घ्या, ओल असते, कुदळ चालते, गंजाच्या रेघा ताज्या दिसतात. लाखोळीच्या बांध्या होळीच्या आधी करा, मोहफूल पडायला लागलं की कुणी सापडायचं नाही. खड्डा झाल्यावर फोटो काढताना टेप आणि शेजारी उभा माणूस दोन्ही दिसले पाहिजेत. पंचनाम्यावर समितीच्या किमान पाच जणांच्या सह्या-अंगठे घ्या, तारीख टाका. आणि खड्डा बुजवताना खालची माती खाली, वरची वर.